परत न घेतलेले ५ सेंट जातात कुणाकडे? (अमेरिकेतली बाटल्यांची डिपॉझिटं आणि राज्यांची बजेटं)

चार्ल्सकाठ

मंडळी, मी बॉस्टनजवळ राहतो. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये सोडा, बिअर, फसफसणारं पाणी यांच्या प्रत्येक कॅनवर, बाटलीवर ५ सेंट डिपॉझिट लागतं आणि रिकामी परत केली की ते ५ सेंट मिळतात, हे इथल्या सगळ्यांना माहिती आहे. पण जे परत करतच नाहीत त्यांचे पैसे कुठे जातात हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी "कंपनीकडे राहत असतील" असंच सांगितलं. तसं नाहीये. ते राज्य सरकारच्या तिजोरीत जातात.

कायदा १९८३ ला लागू झाला तेव्हा हे पैसे खरंच वितरकांकडेच राहायचे, मग राज्य म्हणालं की हे लोकांचे पैसे आहेत, बेवारस खात्यातल्या रकमेसारखे, तेव्हा ते आमच्याकडे द्या. बिअरचे होलसेलर कोर्टात गेले आणि १९९३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर सरकारची बाजू उचलून धरली. सुरुवातीला हे पैसे पर्यावरणाच्या वेगळ्या फंडात जायचे, २००३ पासून सरळ जनरल फंडात जातात, म्हणजे पगार, रस्ते, काय वाटेल ते.

आता माझा मुद्दा. १९८३ चे ५ सेंट म्हणजे आजचे १५ तरी झाले. रक्कम तीच ठेवल्यामुळे लोकांना परत करायचा कंटाळा येतो आणि परताव्याचं प्रमाण घसरत घसरत ४० टक्क्यांच्या खाली आलंय. म्हणजे दहातल्या सहा कॅनचं डिपॉझिट राज्याला मिळतं. कायदा जितका वाईट चालेल तितकी तिजोरीत जास्त भर, अशी ही रचना आहे आणि मला ती मनापासून चुकीची वाटते. साधं पाणी, ज्यूस, स्पोर्ट्स ड्रिंक यांना तर डिपॉझिटच नाही, कारण १९८३ ला बाटलीतलं पाणी विकत घेऊन पिणारे फारसे नव्हते. २०१४ ला जनमत घेतलं की हीसुद्धा यादीत घालावीत का, तर ७३ टक्के लोकांनी नाही म्हटलं. पेयवाल्या कंपन्यांनी आणि सुपरमार्केटवाल्यांनी विरोधी प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओतला होता.

तुमच्या राज्यात काय आहे, सांगा.

मोगरा

आमच्या न्यू जर्सीत हा प्रकारच नाही. सगळं रीसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकायचं आणि विषय संपला. पण मला एक कळत नाही, यात वाईट काय आहे? ज्याला ५ सेंट हवेत तो परत करेल, ज्याला नकोत त्याचे शाळा-रस्त्यांना जातील. कुणावर जबरदस्ती नाही. उलट इतका बिनबोभाट गोळा होणारा पैसा सरकारला दुसरा कुठला मिळणार?

चार्ल्सकाठ

मोगरा, बिनबोभाट आहे हीच तर अडचण आहे. टॅक्स वाढवायचा तर विधानसभेत मतदान होतं, कोणी किती वाढवला ते लोकांना दिसतं. इथे कोणी मत दिलं नाही, नुसती महागाई वाढली आणि ५ सेंट तिथेच राहिले. आणि "ज्याला नकोत" असं सगळ्यांचं नसतं हो. ज्यांच्याकडे गाडी नाही, जे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात ते रिकाम्या बाटल्या साठवणार कुठे आणि त्या परत घेणाऱ्या मशीनपर्यंत नेणार कसे? मशीनं बघायला गेलात तर निम्मी बंद.

ग्रेटलेक्स_आबा

मी मिशिगनमध्ये नोवायला आहे, ऑटोवाल्यांच्या गावात. आमच्याकडे पहिल्यापासून १० सेंट आहेत, १९७६ ला लोकांनी जनमताने कायदा केला आणि १९७८ च्या शेवटी लागू झाला. वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच परतावा. इथे मुलांना खाऊचे पैसे पाहिजेत तर ती गॅरेजमधले कॅन गोळा करून दुकानात नेतात, इतकं अंगवळणी पडलंय.

परत न आलेल्या बाटल्यांच्या पैशांचे आमच्याकडे वाटे ठरलेत, ७५ टक्के राज्याला आणि २५ टक्के दुकानदारांना. आणि राज्याचा वाटा विषारी जमिनी साफ करायच्या फंडात जातो, म्हणजे बंद पडलेले कारखाने, गळक्या पेट्रोलच्या टाक्या वगैरे. डेट्रॉइटच्या आसपास असल्या जमिनी किती आहेत ते इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे चार्ल्सकाठ, तुमच्याइतका राग मला येत नाही, कारण पैसा कशाला वापरतात ते समोर दिसतं.

पण कोविडमध्ये २३ मार्च ते १५ जून २०२० परतावा पूर्ण बंद होता, लोकांनी कॅन फेकायची सवय लावून घेतली आणि ती मोडलीच नाही. २०२२ ला प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. साफसफाईच्या फंडात जास्त पैसे येतायत हे खरं, पण मला ते चांगलं लक्षण वाटत नाही.

आणि बाहेरच्या राज्यातले कॅन आणून इथे १० सेंट उकळणं गुन्हा आहे, १०,००० च्या वर कॅन असतील तर ५ वर्षांपर्यंत तुरुंग. ओहायो आणि इंडियानाला डिपॉझिटच नाही ना, त्यामुळे हद्दीवर कायमची डोकेदुखी.

पॅकेजस्टोअर_दादा

मी कनेक्टिकटमध्ये दारूचं दुकान चालवतो, इथे त्याला पॅकेज स्टोअर म्हणतात. दुकानदाराच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

१ जानेवारी २०२४ पासून आमच्याकडे ५ चे १० सेंट झाले, त्याच्या आधीच्या वर्षी ज्यूस, आइस टी, स्पोर्ट्स ड्रिंक सगळं कायद्यात आलं. गिऱ्हाईक चिकट बाटल्या काउंटरवर आणून ओततं, मोजायच्या कुणी, ठेवायच्या कुठे, उन्हाळ्यात मधमाश्या येतात त्या वेगळ्याच. यासाठी आम्हाला हँडलिंग फी मिळते, बिअरच्या बाटलीला अडीच सेंट आणि बाकीला साडेतीन. २०२१ च्या कायद्याने ती वाढवली म्हणून, त्याआधी तर दीड आणि दोन सेंटच मिळायचे. ज्याच्याकडे मोठं मागचं गोडाऊन आहे त्याला जमतं, छोट्या दुकानाला नाही जमत.

आता तुमच्या मुद्द्याबद्दल. २००९ च्या मंदीत बजेटला भोक पडलं तेव्हा आमच्या राज्याने न आलेल्या डिपॉझिटचा १०० टक्के पैसा घ्यायला सुरुवात केली, तो आधी वितरकांकडे असायचा. परतावा ५० टक्क्यांच्या खाली होता म्हणजे बघा किती जात असेल. नंतरच्या कायद्यात हा वाटा टप्प्याटप्प्याने खाली आणलाय, ९५, मग ६५, ५५, आणि २०२६ च्या आर्थिक वर्षाला ४५ टक्के. बाकीचा वितरकांकडे जाणार. म्हणजे सरकारला आधी सवय लागली आणि मग हळूहळू सोडवावी लागली, एकदम बंद केलं असतं तर बजेटात खड्डा दिसला असता.

१० सेंट झाल्यावर परतावा जोरात वाढला. शेजारी न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ५ सेंट, त्यामुळे तिकडच्या बाटल्या इकडे येतात अशी ओरडही वाढली. ज्या बाटलीचं डिपॉझिट वितरकाने कधी घेतलंच नाही तिचे पैसे त्याला द्यावे लागतात, तो कसा सहन करेल?

आणि ५० मिलीच्या त्या चिमुकल्या बाटल्या असतात ना, निप्स, त्यावर डिपॉझिट नाही, ५ सेंट सरचार्ज आहे जो परत मिळत नाही. तो पैसा ज्या गावात बाटली विकली गेली त्या गावाला कचरा साफ करायला मिळतो. हे मला सगळ्यात सरळ वाटतं. गावाला पैसे दिसतात, दुकानदाराला बाटल्या सांभाळाव्या लागत नाहीत.

चार्ल्सकाठ

दादा, हे फार मोलाचं लिहिलंत, दुकानाच्या मागच्या खोलीत काय चालतं ते बाहेरून कळत नाही. फक्त निप्सचं मला पटत नाही, कारण परत न मिळणारा सरचार्ज असला की बाटली उचलायला कुणालाच कारण उरत नाही, ती गटारातच जाते. डेलावेअरने २०१० ला नेमकं हेच केलं, डिपॉझिट रद्द करून ४ सेंट फी लावली आणि तो पैसा घरोघरचं रीसायकलिंग सुरू करायला वापरला, काही वर्षांनी फी पण संपली. अमेरिकेत कायदा करून मग पूर्ण मागे घेणारं तेच एक राज्य.

सनीव्हेलची_मीरा

कॅलिफोर्नियाचं सांगते, जरा लांबेल पण वाचा, कारण चार्ल्सकाठ म्हणतायत ती गोष्ट आमच्याकडे सगळ्यात ठळक दिसते.

आमच्याकडे दुकानदार-वितरक हिशोब नाहीच. वितरक प्रत्येक बाटलीचे ५ सेंट (२४ औंस आणि वर असेल तर १०) सरळ राज्याच्या फंडात भरतो, आणि कोणी बाटली रीसायकलिंग सेंटरवर आणली की फंड पैसे देतो. मधे जे उरतं त्यातून या फंडाने ढीगभर खर्च अंगावर घेतलेत, सुपरमार्केटजवळच्या सेंटरना हँडलिंग फी, घरोघरच्या गाड्यांना अनुदान, शहरं आणि काउंट्यांना दर वर्षी १ कोटी ५ लाख डॉलर, तरुण मुलांना काम देणाऱ्या कॉन्झर्वेशन कोअरला मदत. सगळी कामं चांगलीच आहेत. पण सगळी चालतात ती परत न आलेल्या पैशांवर!

मग झालं काय, लोकांनी मनापासून परत करायला सुरुवात केली. २०१३ च्या सुमाराला ८५ टक्क्यांपर्यंत परतावा गेला आणि फंड बुडायला लागला. विधानसभेच्या स्वतंत्र अभ्यासगटाने २०१४ ला हिशोब मांडला की दर वर्षी १० कोटी डॉलरच्या आसपास तूट आहे आणि साधारण ७५ टक्के परतावा असेल तरच खर्च भागतो. म्हणजे लोक जास्त चांगले वागले की योजना दिवाळखोरीकडे!! त्याआधी मंदीच्या काळात तर राज्याने याच फंडातून जनरल फंडासाठी मोठमोठ्या रकमा उसन्या काढल्या होत्या, मग सेंटरना द्यायचे पैसे कापले, खटले झाले.

आणि पुढचं ऐका. २०१५-१६ ला तेलाचे भाव पडले, नवीन प्लास्टिक स्वस्त झालं म्हणून जुन्या प्लास्टिकला कोणी विचारेना. सेंटरना राज्याकडून जी भरपाई मिळते तिचा दर जुन्या भावांवरून ठरत असल्यामुळे ती पुरेना, शेकडो सेंटर बंद. ऑगस्ट २०१९ ला रीप्लॅनेट नावाच्या सगळ्यात मोठ्या कंपनीने एका दिवसात २८४ सेंटर बंद केली, ७५० च्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सेंटर नाही म्हणून लोकांना परत करता येईना, परतावा घसरला आणि फंडात पैसे साठायला लागले, २०२२ पर्यंत शिल्लक ६० कोटी डॉलरच्या वर! ज्यांनी ५-५ सेंट भरले त्यांना परत मिळायला जागा नाही आणि तिकडे फंड तुडुंब, याला काय म्हणायचं सांगा.

आता २०२४ पासून वाइन आणि दारूच्या बाटल्या पण आणल्यात, वाइनच्या खोक्याला २५ सेंट. हे चांगलं झालं, काचेचं वजन मोठं असतं.

फसवणूक आमच्याकडेही आहे. २०२३ ला रिव्हरसाइडच्या एका कुटुंबातल्या आठ जणांवर गुन्हा दाखल झाला, ॲरिझोनातून १७८ टन माल आणून ७६ लाख डॉलर उकळल्याचा आरोप. पण मला विचाराल तर फसवणुकीवर जितकं बोललं जातं त्याच्या चौथा हिस्साही बंद पडलेल्या सेंटरवर बोललं जात नाही.

मोगरा

मीराताई, हे वाचून माझं मत बरंच हललं. ७५ टक्क्यांवर तोल साधणारी योजना म्हणजे चौथा हिस्सा लोक चुकतील हे गृहीतच धरलंय. पण मग पर्याय काय? पैसा कंपन्यांकडेच ठेवायचा?

ट्रायमेट

पर्याय ओरेगॉनमध्ये आहे, मी बीव्हर्टनला राहतो. देशातला पहिला कायदा आमचा, १९७१ चा. इथे न आलेल्या डिपॉझिटमधला एक सेंटही राज्याला जात नाही, सगळा वितरकांच्या सहकारी संस्थेकडे राहतो आणि बाटल्या गोळा करणं, मोजणं, मशीनं, सगळा खर्च तीच संस्था करते. हिरव्या पिशवीत कॅन भरायचे, पिशवीवर स्वतःचा स्टिकर लावायचा, ड्रॉप केली की ते मोजतात आणि खात्यात पैसे जमा. रांग नाही, चिकट हात नाहीत.

पण खरी गंमत कायद्यात आहे. त्यात आधीच लिहून ठेवलं होतं की लागोपाठ दोन वर्षं परतावा ८० टक्क्यांच्या खाली राहिला तर डिपॉझिट आपोआप ५ चं १० होईल. २०१६ ला परतावा ६४ टक्क्यांवर आला होता, एप्रिल २०१७ ला १० सेंट झाले आणि वर्ष-दोन वर्षांत प्रमाण ८० च्या वर गेलं. कुठल्या आमदाराला "मी वाढवतो" म्हणून उभं राहावं लागलं नाही, कुणाच्या बजेटात खड्डा पडला नाही. चार्ल्सकाठ, तुमच्याकडे नेमकं हे कलम नाहीये.

अडचणी आहेतच. पोर्टलंड डाउनटाउनला ड्रग्जचा प्रश्न वाढला तेव्हा २०२४ ला गव्हर्नरने तिथल्या दोन दुकानांना परतावा घेणं तात्पुरतं थांबवू दिलं. आणि कंपन्यांची संस्था असल्यामुळे तिचा पैशांचा हिशोब सरकारी खात्याइतका उघडा नसतो, ही टीका रास्त आहे.

नदीपल्याड

मी व्हरमाँटमध्ये आहे आणि गावाच्या कचरा समितीच्या बैठकांना जाते म्हणून एक वेगळी बाजू सांगते, राज्याच्या बजेटावर सगळे बोलतायत पण गावाच्या बजेटाचं काय?

निळ्या डब्यात सगळ्यात किमतीची वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचा कॅन. पुठ्ठा, मिश्र प्लास्टिक, काच यांचा भाव कधी शून्य, कधी उणे. डिपॉझिटमुळे कॅन डब्यातून निघून जातो म्हणजे गावाच्या डब्यातली साय कोणीतरी आधीच काढून नेते, असं रीसायकलिंग प्लँटवाले दर वेळी सांगतात, आणि ते खोटं नाही. पण त्याबरोबर काच पण जाते ना! फुटलेली काच पुठ्ठ्यात घुसते, मशीनचे पट्टे कापते, आणि मग तो पुठ्ठा कोणी घेत नाही. काच निघून गेली की गावाचा किती खर्च वाचतो तो मात्र कुठल्या ओळीत लिहिलेला नसतो. रस्त्याकडेची सफाई, लँडफिलचं टनामागचं भाडं, हेही तसंच. नुकसान ठळक दिसतं आणि बचत दहा खात्यांत विखुरलेली असते, म्हणून चर्चेत नेहमी नुकसानवाले जिंकतात.

आमच्याकडे न आलेलं डिपॉझिट २०१९ पासून स्वच्छ पाण्याच्या फंडात जातं, लेक शॅम्प्लेनमध्ये शेतांमधून फॉस्फरस येऊन शेवाळं माजतं त्या कामाला. गेल्या काही वर्षांत कायदा पाण्याच्या आणि वाइनच्या बाटल्यांपर्यंत न्यायचा प्रयत्न झाला, विधानसभेने पास केला, गव्हर्नरने व्हेटो केला आणि २०२४ च्या सुरुवातीला सेनेटमध्ये तो व्हेटो उलटवायला मतं कमी पडली.

क्वीन्सवाली

न्यूयॉर्कमध्ये २००९ ला पाण्याच्या बाटल्या कायद्यात आल्या आणि त्याच वेळी न आलेल्या पैशांतले ८० टक्के राज्याने घेतले, २० वितरकांना. वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर मिळतात राज्याला. त्यातला थोडा हिस्सा पर्यावरणाच्या फंडात, बराचसा जनरल फंडात. हँडलिंग फी तेव्हा साडेतीन सेंट केली ती तशीच राहिली, भाडी आणि पगार कुठल्या कुठे गेले, छोटी परतावा केंद्रं एकामागून एक बंद पडतायत. राज्याचा वाटा मात्र सुरक्षित.

पण मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते म्हणजे कॅन गोळा करणारे लोक. पहाटे ढकलगाडी घेऊन निघणाऱ्या म्हाताऱ्या चिनी बायका, मेक्सिकोहून आलेली माणसं. आपण कंटाळा केलेले ५ सेंट हे लोक उचलतात, त्यावर त्यांचं घर चालतं. ब्रुकलिनला शुअर वी कॅन नावाचं केंद्र आहे, तिथे असे शेकडो लोक येतात. बजेटच्या चर्चेत "परत न आलेले पैसे" म्हणतात तेव्हा आकड्यांमध्ये ही माणसं कुठे असतात? परतावा वाढवणारे तेच आहेत. ५ चे १० केले तर त्यांची कमाई दुप्पट होईल, एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

कर्वेरोड

पुण्याहून वाचतोय, सगळा धागा एका दमात वाचला. क्वीन्सवाली यांच्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर आणि दुधाच्या पिशवीवर (५० पैसे) परताव्याची तरतूद होती, पण दूधवाल्याला पिशवी परत करून पैसे घेणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. कारण पैसे कुणी सांभाळायचे, मोजायचे कुणी, दुकानदाराला काय मिळणार, काहीच उभं केलं नाही. इथे बाटल्या उचलतात त्या कचरावेचक बायका आणि भंगारवाले. नवीन योजना आणायची तर स्वच्छसारख्या कचरावेचकांच्या संस्थेला पहिल्या दिवसापासून आत घ्यायला पाहिजे, नाहीतर मशीनं बसवणाऱ्या कंपन्या त्यांच्या हातचा माल नेतील.

फोंडेकर

आमच्या गोव्याने २०२४ मध्ये डिपॉझिट रिफंड योजनेची अधिसूचना काढली आहे, दारूच्या बाटल्यांचा प्रश्न इथे किती मोठा आहे ते समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्याला विचारा. तमिळनाडूत नीलगिरीत २०२२ पासून सरकारी दारू दुकानं बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि परत केली की देतात, हायकोर्टाच्या रेट्यामुळे सुरू झालं आणि चाललं. मला या धाग्यावरून एवढं कळलं की आपण पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे की न आलेले रुपये कुणाच्या खात्यात जाणार आणि त्याचा हिशोब कोण जाहीर करणार.

फ्योर्ड

नॉर्वेतून. इथे बाटल्या-कॅनवर पर्यावरण कर आहे, पण परताव्याचं प्रमाण जसं वाढेल तसा तो कमी होतो, ९५ टक्क्यांच्या वर गेलं की शून्य. त्यामुळे बाटली परत यावी यासाठी कंपन्याच धडपडतात, आणि सरकारने या कराचं उत्पन्न शून्याकडे जाणार असंच धरून चालायचं.

चार्ल्सकाठ

फ्योर्ड, हे मला माहिती नव्हतं आणि हेच हवं होतं! आमच्या भागातल्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला पत्र लिहितोय, त्यात तीन गोष्टी घालतो. एक, १० सेंट करा आणि ओरेगॉनसारखं आपोआप वाढायचं कलम ठेवा. दोन, न आलेला पैसा जनरल फंडातून बाहेर काढा, त्यातून आधी परतावा केंद्रांची फी वाढवा. तीन, कॅलिफोर्नियासारखे कायमचे खर्च या पैशांवर टांगू नका. दादा, तुमचे हँडलिंग फीचे आकडे वापरले तर चालेल ना? आमच्याकडे दुकानाला सव्वादोन सेंट मिळतात, ते पण लिहीन.

पॅकेजस्टोअर_दादा

बिनधास्त वापरा. आणि दुकानाच्या आकारावरून सूट द्या हे पण लिहा, छोट्या दुकानाला सक्ती नको, जवळ केंद्र असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाऊ दे.

ग्रेटलेक्स_आबा

पत्रात सीमेचं पण लिहा. एका राज्याने १० आणि शेजारच्याने ५ ठेवले की भांडणं होतात. तुम्ही, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट तिघांनी सारखी रक्कम ठेवली तर निम्मी ओरड संपेल.

मोगरा

एक प्रॅक्टिकल प्रश्न, ट्रायमेट यांना. आमच्या मराठी शाळेला पुस्तकांसाठी पैसे लागतात. तुमच्याकडे मंडळाला कॅन गोळा करून खात्यात जमा करता येतात का?

ट्रायमेट

हो, ना-नफा संस्थांसाठी वेगळ्या निळ्या पिशव्या असतात, संस्थेच्या नावाने खातं काढायचं आणि पिशव्या घरोघर वाटायच्या. गणपतीच्या जेवणाला सोडा-पाण्याचे किती कॅन रिकामे होतात ते बघा, सगळे त्याच पिशवीत. फक्त न्यू जर्सीत कायदाच नाही त्यामुळे तुम्हाला तिथे जमणार नाही, आणि नदी ओलांडून न्यूयॉर्कला नेऊ नका, ते बेकायदेशीर आहे.

मोगरा

नाही हो, नेणार नाही. आमच्या असेंब्लीमनच्या ऑफिसला फोन करून विचारते न्यू जर्सीत असं बिल कुणी आणलंय का ते.

क्वीन्सवाली

विचारा आणि इथे लिहा. विचारताना न आलेल्या पैशांचं काय करणार हे पण विचारा, तो भाग बिलात शेवटच्या पानावर असतो.